बावीस चाकं

जालन्यात, अंबड चौफुलीच्या अलीकडं
जिलानीभाईचं दुकान.
बाहेर टायरांच्या उतरंडी,
आत एकच खुर्ची, तीही भाईची.
गिऱ्हाइकानं टायरवर बसायचं.
बसल्याबसल्या रबर कळतं म्हणे.

मी भाव विचारला.
भाईनं विचारलं, माल काय?
सळई.
किती टन?
कागदावर, का खरं?
मग दोघंही जरा वेळ रस्त्याकडं बघत बसलो.

रस्ता?
इथून सोलापूर. कधी नांदेड.
महिन्यातून दोनदा कन्नडचा घाट.
चालवतं कोण?
लिंबाजी.
तेव्हा कुठं भाईनं चहा सांगितला.

भाचा म्हणत होता,
मामा, अॅल्युमिनियमच्या डिस्का टाकू,
आरशावानी चमकतेत, वजनालाही हलक्या.
भाई हसला.
ढाब्यावर डोळा लागंल ड्रायव्हरचा,
अन् सकाळी गाडी विटांवर उभी.

अफसर हवा भरत होता.
नाव आईनं ठेवलेलं, काम पंक्चरचं.
डाव्या हाताला दोनच बोटं.
जुन्या डिस्कची रिंग उडाली होती एकदा,
बोटं घेऊन गेली ती पत्र्यातून बाहेर.
भोक अजून तसंच आहे.
दुपारी त्यातून उन्हाचा एक रुपया
खाली फरशीवर पडतो.
अफसर त्याच्यावर पाय देत नाही.

मी म्हटलं, ट्यूबलेस द्या.
एकसंध डिस्क. रिंगचं नाव नको.

पैसे सहाचे होते.
चाकं बावीस.
भाईनं पाटीवर गाडी काढली,
वरून बघितल्यासारखी, मुंगळ्यागत.
पुढचे दोन नवे, सरळ रेघांचे,
ते फुटले तर स्टेअरिंग कुणाचंच ऐकत नाही.
घोड्याच्या एका धुरीला चार नवे, लगचे,
चढाला माती धरणारे.
दुसरी धुरी निम्म्या झिजेची, चालंल.
मागं ट्रेलरला बारा, रबर चढवलेले,
त्यांना ओढायचं नसतं,
नुसतं सोसायचं असतं.

आणि जोडी जुळव, भाई म्हणाला, उंची मोजून.
नवा अन् झिजका शेजारी बांधलास
तर उंच असंल तो सगळं ओझं घेतो
आणि आधी मरतो.
थोरल्याची आठवण झाली.
मी बाजूलाच होतो की सगळी वर्षं.
जमिनीला टेकलेलो नव्हतो, एवढंच.

लिंबाजी बोलत नव्हता.
गुडघ्यावर बसून त्यानं
टायरच्या कडेचे चार आकडे पुसले. ३७२३.
सदतिसावा हप्ता, तेवीस साल.
बोटं मोजली त्यानं. म्हणाला,
पोळ्याच्या हप्त्यातला हाय.
मग अंगठा आत घातला, खाचेत,
माळेगावच्या जत्रेत बैलाचा जबडा उघडावा तसा,
आणि उठत म्हणाला,
आदत हाय. घ्या.

भाईनं भाव तेव्हा सांगितला.
एका टायरला एक वगार आली असती.
मी घासाघीस केली नाही असं नाही.
शेवटी वॉल्वची टोपणं फुकट मिळाली,
बावीसच्या बावीस, पिवळी.

काढलेल्यातला एक घरी आणला,
मधून कापला,
आता शेळ्या पाणी पितात त्यात.
त्याच्यावर अजून वाचता येतं
किती वजन पेलेल ते.

कमरेनं दगा दिल्यापासून
मी गाडीवर जात नाही.
पहाटे साडेतीनला, घरामागच्या मोकळ्या जागेत
लिंबाजी टॉमी घेऊन एकेक चाक ठोकतो.
मी अंथरुणातनं मोजतो.
नवी कडक बोलतात.
चढवलेली जरा घसा बसल्यागत.
दहा. अकरा.
कुत्रं भुंकलं, तो आकडा मी धरून चाललो.
सोळा, सतरा, अठरा.

मग काहीच नाही.

मी उशीवरनं डोकं उचललं.
बायको म्हणाली, काय झालं?
थांब, म्हटलं.

नळीची हवा सुसकारली.
बराच वेळ.
मग टॉमी.
एकोणीस.